अर्धचंद्र

मराठीत ‘अर्धचंद्र देणं’ म्हणजे मानगूट धरून बाहेर काढणं. अंगठा आणि बोटं यांच्यात जी कमान होते ती समोरच्याच्या मानेवर ठेवायची आणि त्याला सरळ दाराबाहेर करायचं. आमच्या आजीच्या तोंडी हा शब्द सारखा असायचा. दारात आलेला विक्रेता, अंगणात शिरलेली शेजाऱ्यांची कोंबडी, दुपारी झोपेच्या वेळी खेळायला आलेली पोरं, सगळ्यांना ती अर्धचंद्र द्यायची.

पुढे कित्येक वर्षांनी, अमेरिकेत ओहायोमध्ये, डेटनजवळच्या एका स्वयंपाकघरात शेजारच्या काकांनी माझ्या तळहातावर पत्र्याचा एक तुकडा ठेवला. त्याचं इंग्रजी नाव ‘हाफ मून क्लिप’. तीन खाचा असलेली पोलादी कमान. मी नाव ऐकून हसले. का हसले ते त्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, “तुझ्या आजीला याचं काम बरोबर कळलं असतं.”

त्यांना मी मनात काकाच म्हणते, म्हणून इथेही काका. वय ७८. आयुष्यभर डाय बनवायचं काम केलेले. मीही शीट मेटलमधली इंजिनिअर, त्यामुळे आमची मैत्री बर्फ काढण्याच्या फावड्यापासून सुरू झाली आणि पत्र्याच्या जाडीवर पक्की झाली. त्यांच्याकडे बंदुका होत्या. इथे पुष्कळांकडे असतात. मी ग्रीन कार्ड मिळाल्यावरच त्यांच्याबरोबर रेंजवर गेले. व्हिसावर असताना बंदूक नुसती हातात घेणंसुद्धा कायद्याच्या दृष्टीने नाजूक काम आहे, आणि मला तेवढी हौसही नव्हती.

त्यांच्याकडची सगळ्यात जुनी वस्तू म्हणजे १९१७ मॉडेलचं स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर. त्यांच्या वडिलांनी दुसऱ्या महायुद्धानंतर जुना लष्करी माल विकणाऱ्या दुकानातून घेतलेलं. किलोभर वजन, साडेपाच इंचांची नळी, लाकडी मूठ घासून गुळगुळीत झालेली. या रिव्हॉल्व्हरची गंमत अशी की ते स्वतःच्या काडतुसावर चालत नाही. ते पिस्तुलाच्या काडतुसावर चालतं.

यात गंमत काय, असं वाटत असेल तर जरा थांबा.

रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. खिळ्याच्या डोक्यासारखी. तिला रिम म्हणतात. सिलिंडरच्या भोकात काडतूस टाकलं की या कडेवर ते अडकतं, आत घसरत नाही. बार झाल्यावर सिलिंडर बाजूला काढायचा, मधला दांडा दाबायचा, की एक चांदणीसारखा तुकडा वर येतो. तो सगळ्या पुंगळ्यांना याच कडेखालून उचलून बाहेर फेकतो. म्हणजे आत थांबणं आणि बाहेर पडणं, दोन्ही त्या कडेच्या जिवावर.

पिस्तुलात काडतुसं मुठीतल्या मॅगझीनमध्ये एकावर एक रचलेली असतात. तिथे कड बाहेर आली तर एकमेकींत अडकणार. म्हणून पिस्तुलाच्या काडतुसाला बाहेरची कड नसते, उलट बुडाशी एक खाच कोरलेली असते. असं काडतूस रिव्हॉल्व्हरमध्ये टाकलं तर चांदणीला धरायला काही उरतच नाही. बार होईल, पण रिकाम्या पुंगळ्या आतच बसून राहतील.

मग हा उपद्व्याप कुणी आणि का केला? अमेरिकन लष्कराने, नाइलाजाने. १९११ साली त्यांनी जॉन ब्राउनिंगचं .४५ एसीपी पिस्तूल स्वीकारलं होतं. (ब्राउनिंग हे नाव मराठी माणसाने वेगळ्या संदर्भात ऐकलेलं असतं. सावरकरांनी लंडनहून पाठवलेली वीस पिस्तुलं ब्राउनिंगच होती आणि त्यांतल्याच एकाने अनंत कान्हेरेने १९०९ मध्ये नाशिकच्या विजयानंद थिएटरात जॅक्सनवर गोळ्या झाडल्या.) एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा फौज भराभर वाढत होती आणि पिस्तुलं पुरत नव्हती. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या दोन कारखान्यांत मोठी रिव्हॉल्व्हरं बनवण्याची यंत्रं, माणसं, सगळं तयार होतं. पण आघाडीवर पिस्तुलासाठी एक काडतूस आणि रिव्हॉल्व्हरसाठी दुसरं पाठवायचं म्हणजे घोळाला आमंत्रण. काडतूस बदलणार नव्हतं. तेव्हा बदलायचं ते रिव्हॉल्व्हरने.

उपाय स्मिथ अँड वेसनकडे निघाला, तो हा अर्धचंद्र. पत्र्याच्या कमानीत तीन काडतुसं त्यांच्या खाचेत अडकवायची. असे दोन अर्धचंद्र सिलिंडरमध्ये टाकले की सहा काडतुसं भरली. पत्रा तात्पुरती कड होतो. चांदणी पत्र्याला उचलते, पत्रा पुंगळ्यांना उचलतो. मानगूट धरून बाहेर! खरं तर काडतुसाची ती मान नाही, घोटा म्हणायला हवं, पण आजीचा शब्द मी सोडणार नाही.

दोन्ही कारखान्यांची मिळून अशी सुमारे तीन लाख रिव्हॉल्व्हरं झाली. काडतुसं अर्धचंद्रात लावूनच यायची, एका खोक्यात आठ कमानी, म्हणजे चोवीस काडतुसं.

काका मला हे सगळं करून दाखवायचे. रेंजवर एकदा त्यांनी मुद्दाम पत्र्याशिवाय सहा काडतुसं सुटी टाकली. स्मिथ अँड वेसनच्या सिलिंडरमध्ये आत एक बारीक पायरी आहे, काडतुसाचं तोंड तिच्यावर टेकतं, म्हणून बार झाले. मग दांडा दाबला. काहीच बाहेर आलं नाही. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि समोरून एकेक पुंगळी ढकलून काढली. सहाव्या पुंगळीला शांतपणे म्हणाले, “आणि एवढ्या वेळात समोरचा जर्मन चहा पिऊन आला.” सुरुवातीच्या कोल्टमध्ये ही पायरीही नव्हती, त्यात पत्र्याशिवाय काडतूस पुढेच घसरायचं.

मग त्यांनी दोन अर्धचंद्र भरले आणि रिव्हॉल्व्हर माझ्या हातात दिलं. .४५ ची गोळी जड आणि संथ. एवढ्या वजनाच्या लोखंडातून ती सुटते तेव्हा हाताला झटका बसत नाही, कुणीतरी तळव्याला धरून मागे सारावं तसं वाटतं. सहा बार झाले. नळी आकाशाकडे करून दांडा दाबला आणि तीन-तीन पुंगळ्यांचे दोन घोस गवतात पडले. मला शस्त्रांचं आकर्षण नाही. पण एक चांगला जिग पहिल्या फटक्यात बसतो तेव्हा कारखान्यात जे वाटतं तेच मला त्या वेळी वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

या प्रकाराचे भक्त आहेत आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. पुढे अर्ध्या चंद्राचा पूर्ण चंद्र झाला, सहाही काडतुसं एका चकतीत. रिव्हॉल्व्हर भरण्याची याहून जलद रीत नाही. जेरी मिक्युलेक नावाच्या नेमबाजाने १९९९ मध्ये सहा गोळ्या झाडून, पुन्हा भरून, आणखी सहा झाडल्या. एकूण वेळ २.९९ सेकंद. रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसनचं ६२५, काडतूस तेच .४५ एसीपी. काकांनी मला तो व्हिडिओ फोनवर दाखवला तेव्हा मला वाटलं मधली भरणी कापून टाकली आहे. तीन वेळा पाहिला. ती तिथेच असते, आपला डोळा कमी पडतो.

दुसरं कारण साधं, पैशाचं. इथे ९ एमएम हे सगळ्यात जास्त खपणारं पिस्तुलाचं काडतूस. खप जास्त म्हणून स्वस्त. रिव्हॉल्व्हरचं नेहमीचं .३८ स्पेशल त्याच्याहून महाग. २०२० मध्ये दुकानांतली काडतुसं अशी गायब झाली जसा लॉकडाऊनमध्ये आपल्याकडे मैदा. काकांच्या तळघरात मात्र ९ एमएमचे हिरवे डबे रांगेत उभे होते, त्यांच्या पिस्तुलासाठी साठवलेले. आई जशी पापडाचे डबे मोजायची तसे ते मोजायचे.

आणि तिथेच खरी गोष्ट सुरू होते.

काकांचे हात थरथरायला लागले होते. निदान पार्किन्सनचं. पिस्तुलाची स्लाइड मागे ओढायला चिमटीत जोर लागतो, तो राहिला नव्हता. एका शनिवारी रेंजवर त्यांनी तीनदा प्रयत्न केला आणि चौथ्या वेळी पिस्तूल नुसतं खाली ठेवलं. मी काही बोलले नाही. त्यांनीही काही बोलायचं कारण ठेवलं नाही.

दोन आठवड्यांनी त्यांनी एक नवी वस्तू आणली. छोटं रिव्हॉल्व्हर, पाच काडतुसांचं, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचं, ९ एमएमचं. सोबत पाच खाचांच्या चकत्या. विक्रेत्याने सांगितलं होतं की हातात जोर नसलेल्यांना रिव्हॉल्व्हरच बरं. स्लाइड नाही, खटका नाही, चाप ओढला की झालं. आणि तळघरातले डबे वाया जाणार नाहीत. काका लहान मुलासारखे खूश होते. १९१७ मध्ये लष्कराने केलं तेच त्यांनी केलं होतं, काडतुसं होती म्हणून त्यांना चालेल असं हत्यार शोधलं.

कागदावर हे सगळं पटण्यासारखं आहे. मीसुद्धा मान डोलावली होती.

पहिली अडचण टेबलावरच आली. चकतीत काडतूस बसवायचं म्हणजे पत्र्याच्या खाचेत ते दाबून ‘टक्क’ असा आवाज येईपर्यंत रेटायचं. ९ एमएमची चकती बारीक, पाचवं काडतूस बसवताना बोटांना जागाच नसते. काढताना त्याहून वाईट. त्यासाठी एक खाच असलेली नळी मिळते, ती पुंगळीवर घालून पिळायची. म्हणजे जी चिमूट स्लाइडला पुरत नव्हती, तीच इथे पाचपट लागायची. दुकानात बंदूक भरून दाखवतात तेव्हा चकती आधीच तयार असते.

मग ते काम माझ्याकडे आलं. रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जायची, ते कॉफी करायचे आणि मी चकत्या भरायची. शेंगा सोलत गप्पा मारतात तसं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की एका कंपनीची काडतुसं घट्ट बसतात आणि दुसरीची खुळखुळतात, कारण बुडाची खाच प्रत्येकाची केसभर वेगळी असते. खुळखुळलं तर घोडा पडला तरी कधीकधी बार होत नाही. पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. खिशात वाकला, पायाखाली आला, की सिलिंडर फिरताना घासतो, अडतो. ज्या यंत्राची सगळी कीर्ती ‘ते कधी अडत नाही’ अशी आहे, त्याचा भरवसा अशा पत्र्यावर ठेवायचा, हे काही माझ्या पचनी पडेना. मी एक सपाट काच आणली आणि प्रत्येक चकती तिच्यावर ठेवून डुलते का बघायला लागले. काकांना हे फार आवडलं.

दुसरी अडचण रेंजवर. काकांनी दोन बार केले, तिसऱ्यांदा चाप ओढला तर सिलिंडर जागचा हलेना. बाहेर काढायलाही त्रास झाला. पाहतो तर एका न झाडलेल्या काडतुसातली गोळी पुढे सरकून सिलिंडरच्या तोंडाबाहेर आलेली, आणि ती चौकटीला अडलेली.

याचं कारण त्या रात्री मी वाचून काढलं आणि मला ते फारच आवडलं, म्हणजे इंजिनिअर म्हणून. हलक्या बंदुकीला झटका मोठा बसतो. पुंगळ्या मागे खेचल्या जातात आणि जड गोळ्या जागच्या जागी राहू पाहतात, म्हणजे हळूहळू पुढे निघतात. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात हे होऊ नये म्हणून पुंगळीचं तोंड गोळीत आत वळवून घट्ट आवळलेलं असतं, करंजीची कड दुमडतात तसं. पिस्तुलाच्या काडतुसात असं आवळता येत नाही, कारण तिथे पुंगळीचं ते सरळ तोंडच नळीतल्या पायरीवर टेकायचं असतं. कड काढून टाकली, म्हणून तोंडावर टेकावं लागलं. तोंडावर टेकायचं, म्हणून ते वळवता आलं नाही. वळवलं नाही, म्हणून गोळी सैल. पिस्तुलात हे खपून जातं. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये नाही. अर्धचंद्राने कडेची उणीव भरून काढली, पण तिच्यामागून आलेली ही दुसरी उणीव त्याच्या आवाक्याबाहेरची होती. जुन्या किलोभराच्या १९१७ ला हा त्रास नाही, ते आपल्या वजनानेच झटका पिऊन टाकतं.

लोकांनी यावर इतरही वाटा काढल्या आहेत. १९२० मध्ये पीटर्स कंपनीने .४५ एसीपीलाच जाड कड लावून ‘ऑटो रिम’ नावाचं काडतूस काढलं. म्हणजे कड काढली, तिच्याऐवजी पत्रा लावला, मग पत्र्याच्या कटकटीला कंटाळून पुन्हा कड लावली! स्मिथ अँड वेसननेच १९८० च्या दशकात ५४७ मॉडेलमध्ये चांदणीला स्प्रिंगची बोटं बसवून चकतीशिवाय ९ एमएम चालवून दाखवलं. सुंदर काम, पण किचकट, फार काळ टिकलं नाही. मला विचाराल तर जड रिव्हॉल्व्हर, जाड पत्रा आणि .४५ हे त्रिकूट अजूनही सगळ्यात समजूतदार आहे. खिशातलं ९ एमएम घ्यायचंच तर काडतूस कुठलं हे झाडून पाहून ठरवावं. घट्ट आवळलेल्या बनावटीही मिळतात, काकांना त्या मी शोधून दिल्या.

तिसऱ्या अडचणीवर मात्र शोधून देण्यासारखं काही नव्हतं. छोट्या रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायला चार-पाच किलोचा जोर लागतो. तो ओढता ओढता काकांची नळी लक्ष्याभोवती गिरक्या घ्यायची. सात यार्डांवरच्या कागदाला पाचांतली दोन लागायची. एके दिवशी एकही नाही. ते कागद जवळ ओढून बराच वेळ पाहत उभे राहिले. मग सिलिंडर उघडून मला दिला. “बाकीच्या तू काढ.”

परतताना गाडीत त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे असं काही असतं का? घरात बंदूक?”

मी त्यांना आप्पांबद्दल सांगितलं. माझे आजोबा, सातारा जिल्ह्यातले आडत व्यापारी. रोकड घेऊन रात्री-अपरात्री यावं लागायचं म्हणून परवाना काढलेला. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर. आमच्याकडे सामान्य माणसाला ९ एमएम किंवा .४५ मिळतच नाही, ते कायद्याने बंद बोअर. काडतुसं मोजून मिळायची, त्यांची नोंद ठेवावी लागायची, आणि आप्पांनी ती कधी झाडल्याचं मला आठवत नाही. काडतुसं गंज धरू नयेत म्हणून दसऱ्याला ती फडक्याने पुसून पुन्हा ठेवायची, एवढाच त्यांचा वापर. निवडणूक आली की परवाना असलेल्यांना हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस निघते. आप्पा इस्त्रीचा सदरा घालून जायचे, पावती आणायचे, निकालानंतर पुन्हा जाऊन घेऊन यायचे. एका निवडणुकीनंतर ते गेलेच नाहीत. आजीने आठवण केली तर म्हणाले, “राहू दे. तिथं तरी कुणी राखण करतंय.” तेव्हा त्यांना मोतीबिंदू झाला होता आणि ते शस्त्रक्रियेला घाबरत होते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पुढे त्यांनी परवानाही परत केला.

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “इथे कुणी नोटीस पाठवत नाही.”

त्या महिन्यात कोलंबसहून त्यांची मुलगी आली. तिने आधी मला फोन करून विचारलं होतं की बाबांशी कसं बोलायचं. मी म्हटलं, तू काही बोलू नकोस, फक्त ये. काकांनीच तिला तळघरात नेलं आणि डबे दाखवले. पिस्तूल आणि ते छोटं रिव्हॉल्व्हर ओळखीच्या दुकानात विकायला गेलं. १९१७ मुलीने घेतलं. तिला नेमबाजीत रस नाही, पण आजोबांची वस्तू म्हणून. ९ एमएमचे डबे रेंजवरच्या एका मित्राला.

भरलेल्या चकत्या तेवढ्या राहिल्या होत्या, चौदा. शेवटच्या रविवारी मी त्या नळीने पिळून एकेक काडतूस मोकळं करत बसले. सत्तर काडतुसं. काका समोर बसून ती खोक्यात उभी लावत होते. दर थोड्या वेळाने हात लागून एक रांग आडवी व्हायची आणि ते पुन्हा लावायचे. मी मदतीला हात पुढे केला नाही. कॉफी थंड झाली.

“तुझ्या आजोबांच्या रिव्हॉल्व्हरचं चामड्याचं पाकीट असेल ना,” त्यांनी मध्येच विचारलं, “कमरेला लावायचं? ते पण जमा केलं?”

ते घरीच होतं, मी म्हटलं. स्वयंपाकघरात खिळ्याला लटकवलेलं. आजी त्यात अडकित्ता ठेवायची.

अडकित्ता म्हणजे काय ते मला हाताने करून दाखवावं लागलं. ते हसले, खोकला येईपर्यंत हसले. मग उठून ड्रॉवरमधून तो पहिल्या दिवशीचा अर्धचंद्र शोधून आणला आणि माझ्या तळहातावर ठेवला. “हा घेऊन जा,” म्हणाले, “आणि एवढी खोकी संपव, अजून सहा चकत्या आहेत.”